एकावर पाचशे ब्याऐंशी शून्यं

एक ग्रॅम हळद घ्या. वसमतची घ्या; २०२४ साली 'वसमत हळदी'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि इथल्या सेलम हळदीच्या रंगाबद्दल मोंढ्यात कुणालाही विचारलं तर तो बोलत बसत नाही, हळकुंड मोडून दाखवतो. मोडलेल्या हळकुंडाचा गाभा नारिंगीकडे झुकणारा, तुकतुकीत असतो. हा रंग कुर्क्युमिनचा. वाळलेल्या हळदीत त्याचं प्रमाण साधारण दोन ते पाच टक्के असतं. आपण तीन धरू. म्हणजे एका ग्रॅममध्ये तीस मिलिग्रॅम कुर्क्युमिन. त्यात रेणू किती? ४९ वर अठरा शून्यं, इतके.

भास्कराचार्यांनी 'लीलावती'त संख्यांची नावं परार्धापर्यंत दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपली एक ग्रॅम हळद ४९० परार्धांवर जाते. सेकंदाला एक रेणू या वेगानं, न जेवता न झोपता एकट्यानं मोजायला बसलं तर दीड लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं आहे. सगळा हिंगोली जिल्हा, २०११ च्या जनगणनेतले ११ लाख ७७ हजार लोक, तान्ह्या बाळांसकट मोजायला बसवला तरी तेरा लाख वर्षं जातील.

ही संख्या मोठी आहे, पण सोपी आहे. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजायची, एवढंच तिचं काम. खरी अवघड मोजणी एका रेणूच्या पोटात आहे.

कुर्क्युमिनच्या एका रेणूत २१ कार्बन, २० हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन, असे ४७ अणू. त्यांचे इलेक्ट्रॉन मिळून १९४. हळद पिवळी का, उन्हात तिचा रंग का उडतो, पाण्यात ती धड विरघळत का नाही, चुना लागला की लाल का होते, या सगळ्याची उत्तरं त्या १९४ इलेक्ट्रॉनांच्या वागण्यात आहेत. ते वागणं सांगणारं समीकरण श्रोडिंगरनं १९२६ सालीच लिहून ठेवलं. म्हणजे गणित मांडून तयार आहे, फक्त सोडवायचं आहे.

सोडवायला बसू या. एका इलेक्ट्रॉनची जागा सांगायला लांबी, रुंदी, उंची असे तीन आकडे लागतात. प्रत्येक दिशेला अगदी ढोबळ मानानं दहाच खुणा केल्या तरी एका इलेक्ट्रॉनसाठी हजार जागा झाल्या, आणि प्रत्येक जागेसाठी एक आकडा टिपून ठेवायचा. दोन इलेक्ट्रॉन असले की दोन हजार आकडे पुरत नाहीत, कारण पहिल्याच्या प्रत्येक जागेसोबत दुसऱ्याच्या हजारही जागा पाहाव्या लागतात: दहा लाख. तिसरा आला की शंभर कोटी. प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन मागे तीन शून्यं जोडत जातो. १९४ इलेक्ट्रॉनांना लागतात एकावर ५८२ शून्यं, इतके आकडे.

दिसणाऱ्या अख्ख्या विश्वातले अणू साधारण एकावर ऐंशी शून्यं इतके मानले जातात. त्यातल्या प्रत्येक अणूच्या पोटात एक अख्खं विश्व आहे, त्या विश्वातल्या प्रत्येक अणूत पुन्हा एक विश्व, असे सात पदर धरले आणि सगळ्यात आतल्या प्रत्येक अणूवर एकेक आकडा कोरला, तरी ५६० शून्यांपर्यंतच पोहोचतो. बावीस शून्यं उरतातच. हे सगळं फोडणीत पडणाऱ्या पिवळ्या पुडीच्या एका रेणूसाठी.

ही भिंत भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन यांनी ओलांडली, आणि माझ्या मते विसाव्या शतकातल्या विज्ञानातली ही सर्वांत उदार कल्पनांपैकी एक आहे, कारण तिनं गरीब प्रयोगशाळांनाही दार उघडून दिलं. १९६४ साली कोन आणि होहेनबर्ग यांनी दाखवून दिलं की स्थिर, निवांत अवस्थेतल्या पदार्थाचे गुण काढायला प्रत्येक इलेक्ट्रॉनची जागा वेगवेगळी धरावी लागत नाही. कुठल्या ठिकाणी एकूण इलेक्ट्रॉनांची दाटी किती, एवढं कळलं तरी पुरतं. पुढच्याच वर्षी कोन आणि शॅम यांनी ते प्रत्यक्षात मोजायची रीत दिली. दाटीला तीनच दिशा. म्हणजे आपल्या त्याच ढोबळ खुणांवर एकावर ५८२ शून्यांऐवजी फक्त एक हजार आकडे. या रीतीला डेन्सिटी फंक्शनल थिअरी, थोडक्यात डीएफटी म्हणतात. तिच्यात एक पद नेमकं कुणालाच ठाऊक नाही, ते अंदाजानं भरावं लागतं. म्हणून उत्तरं थोडी चुकतात, कधी चांगलीच चुकतात. पण उत्तर येतं. कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

डीएफटी चालवणारी काही सॉफ्टवेअरं विकत घ्यावी लागतात. इटलीतल्या त्रिएस्तेच्या परिसरात वाढलेलं 'क्वांटम एस्प्रेसो' मात्र खुलं आहे: उतरवून घ्या, आतला कोड वाचा, पटला नाही तर बदला, बदललेला पुढे द्या. हे फुकट मिळतं यापेक्षा ते उघडं आहे, याला मी जास्त महत्त्व देईन. चूक कुठे झाली हे शोधायला वसमतच्या मुलाला कुणाची परवानगी लागत नाही.

आता एका रेणूतून बाहेर पडून पदार्थांच्या बाजारात येऊ. मूलद्रव्यं ११८ असली तरी भट्टीत घालून काही बनवता येईल अशी साधारण नव्वद धरू. त्यातली कुठलीही चार निवडायच्या रीती २५,५५,१९०. आता प्रमाण बदला. चौघांची बेरीज शंभर टक्के, एकेक टक्क्याच्या पायऱ्यांनी कमीजास्त करत गेलं तर प्रत्येक चौकडीत १,५६,८४९ मिश्रणं होतात. गुणाकार करा: ४०,०७७ कोटींहून जास्त. यात तापमान धरलेलं नाही, दाब धरलेला नाही, भट्टीतून काढून झटकन गार केलं की हळूहळू हे धरलेलं नाही, आणि तेच अणू वेगळ्या मांडणीत बसले की वेगळा पदार्थ होतो हेही नाही. हिरा आणि पेन्सिलीतलं शिसं दोन्ही कार्बनच. एखाद्या प्रयोगशाळेनं रोज दहा मिश्रणं बनवून तपासली, रविवार न पाळता, तरी ४०,०७७ कोटींना अकरा कोटी वर्षं लागतील. डायनोसॉर नाहीसे होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली आहेत.

या आकड्यापुढे एकेकट्यानं कष्ट करण्याला काही अर्थच उरत नाही. तरी कित्येक दशकं तसंच चाललं होतं. एका देशातला गट एखाद्या ऑक्साइडचं गणित महिनाभर संगणक तापवून करी, शोधनिबंधात एक आलेख छापी आणि मूळ आकडे कुठल्यातरी डिस्कवर पडून राहत. दुसऱ्या देशातला गट तोच ऑक्साइड घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

२०११ साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत क्रिस्टिन पर्सन आणि सहकाऱ्यांनी 'मटेरियल्स प्रोजेक्ट' सुरू केला. हिशेब एकदाच करायचा, तो नीट नोंदवायचा आणि सगळ्यांसाठी खुला ठेवायचा, एवढं साधं सूत्र. आज तिथे दीड लाखाहून जास्त अकार्बनी पदार्थांचे गुण आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या 'ओक्यूएमडी'त दहा लाखांहून जास्त नोंदी, ड्यूक विद्यापीठात सुरू झालेल्या 'एफ्लो'त पस्तीस लाखांवर. बर्लिनहून चालणारा 'नोमॅड' तर जगभरच्या गटांना म्हणतो, तुमच्या संगणकानं ओकलेल्या कच्च्या फाइली जशा आहेत तशा द्या. आणि हे सगळे गणितातले पदार्थ; प्रत्यक्ष क्ष-किरणांनी मोजलेल्या स्फटिकरचनांचा खुला साठा लिथुआनियातल्या विल्नियसहून सांभाळला जातो. 'क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस' त्याचं नाव, २००३ पासून चालू, पाच लाखांहून जास्त रचना.

हा शेवटचा साठा म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एखादी नोंद उघडली की साधी मजकुराची फाइल समोर येते. वर घनपेटीच्या तीन बाजू आणि तीन कोन. खाली ओळीनं अणू: नाव, आणि पेटीत तो कुठे बसला आहे ते सांगणारे तीन अपूर्णांक. मिठाच्या स्फटिकाला अशा दोन ओळी पुरतात. कुर्क्युमिनच्या स्फटिकाची रचना नॉर्वेतल्या तिघा संशोधकांनी १९८२ साली प्रसिद्ध केली. तिथे ४७ अणूंची यादी लागते. एवढ्या ओळींवरून संगणक तो स्फटिक पुन्हा उभा करतो आणि क्ष-किरण टाकले तर ते कुठल्या कोनांत परततील ते रेखाटतो. हाताशी एखादी संशयित पिवळी पूड असेल, बांगलादेशात हळदीला चमक आणायला वापरलेलं जे लेड क्रोमेट संशोधकांना सापडलं तसली, तर तिचा आलेख लेड क्रोमेटच्या आलेखावर ठेवून पाहायचा. रेषा जुळल्या की ओळख पटली. अशा आलेखांचा जगातला सर्वांत मोठा आणि काटेकोर संग्रह पैसे भरून, परवाना घेऊन वापरावा लागतो. तालुक्याच्या महाविद्यालयाला तो खर्च झेपत नाही. खुला साठा त्याच्याइतका काटेकोर नाही, पण दार बंद नाही.

पस्तीस लाख हा आकडा ऐकायला दणदणीत वाटतो. ४०,०७७ कोटींशी त्याचं प्रमाण मांडलं तर लाखात एकसुद्धा भरत नाही. (दोन्ही आकडे वेगळ्या रीतीनं मोजलेले असल्यामुळे हा हिशेब ढोबळच.) मग उपयोग काय? उपयोग असा, की लाखभर नीट नोंदवलेल्या उदाहरणांवरून यंत्राला न पाहिलेल्याचा अंदाज शिकवता येतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडनं याच खुल्या साठ्यांवर शिकवलेल्या यंत्राकडून २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवून घेतल्या. त्यातल्या ३ लाख ८० हजार टिकाऊ ठरतील असा त्यांचा दावा. आधीची पन्नास-साठ वर्षांची मेहनत कुणी कुलपात ठेवली असती तर हे यंत्र शिकलं असतं कशावर?

त्याच दिवशी बर्कलीहून आणखी एक बातमी आली. तिथल्या स्वयंचलित प्रयोगशाळेनं, माणसाचा हात न लागता, १७ दिवसांत ५८ ठरवलेल्या पदार्थांपैकी ४१ बनवले. वर्तमानपत्रांत ते गाजलं. काही आठवड्यांतच प्रिन्स्टनच्या लेस्ली शूप, लंडनचे रॉबर्ट पालग्रेव्ह आणि इतरांनी त्या प्रयोगांचे क्ष-किरण आलेख एकेक करून तपासले आणि २०२४ मध्ये लिहिलं की यात खरोखर नवा असा एकही पदार्थ सिद्ध होत नाही. बरेचसे आधीच माहीत असलेले, अणूंची अदलाबदल झालेले पदार्थ आहेत. वाद पुढेही चालू राहिला. मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आलेख उघड्यावर होते. म्हणून एवढी मोठी बातमी काही आठवड्यांत कसोटीला लागली. मिटल्या मुठीतला दावा ना खरा ठरवता येतो ना खोटा, तो नुसता मानायचा असतो.

आता आपल्या घरची गोष्ट. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत फेराइट, पातळ थर, नॅनोकण यांवर अमाप काम झालं आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पातळ थरांची परंपरा तर कित्येक दशकांची. हे प्रबंध 'शोधगंगा'वर चढतात; देशभरचे काही लाख प्रबंध तिथे आहेत, ते कुणालाही वाचता येतात आणि ही फार मोलाची सोय आहे. पण प्रबंधात आलेखाचं चित्र असतं, आलेखामागचे आकडे नसतात. तीन वर्षं खपून एखाद्या मुलीनं घेतलेली हजारो वाचनं तिच्या पेन ड्राइव्हबरोबर जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले: सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० संस्था, १ कोटी ८० लाख विद्यार्थी-अध्यापक. जगानं लिहिलेलं वाचायला आपण हा पैसा मोजतो. तो मोजावाच. पण आपण मोजलेलं जगापुढे ठेवायला त्याच्या शंभराव्या हिश्शानंही काम होईल, आणि त्याची चर्चा होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि चुकलेल्या प्रयोगांचं काय? थर नीट बसला नाही, स्फटिक पडलेच नाहीत, भट्टीतून नुसता चिकट गोळा निघाला. असले प्रयोग प्रबंधात येतच नाहीत. अमेरिकेतल्या हॅव्हरफर्ड कॉलेजनं, जिथे प्रामुख्यानं पदवीचेच विद्यार्थी शिकतात, आपल्या जुन्या प्रयोगवह्या बाहेर काढल्या आणि फसलेल्या प्रयोगांसकट सुमारे चार हजार नोंदी संगणकात भरल्या. त्यावरून शिकवलेल्या यंत्रानं नव्या प्रयोगांत स्फटिक पडेल की नाही ते सांगितलं. यंत्राचा सल्ला ८९ टक्के वेळा बरोबर निघाला. अनुभवी रसायनज्ञांच्या अंदाजाचं यश ७८ टक्के होतं. २०१६ साली 'नेचर'च्या मुखपृष्ठापर्यंत ते काम पोहोचलं. तिथे महासंगणक नव्हता, होत्या त्या मुलांच्या वह्या. असल्या वह्या वसमतच्या बहिर्जी स्मारक महाविद्यालयासारख्या कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असतातच. फक्त तापमान, वेळ, रसायनाची शुद्धता आणि 'जमलं नाही' हा शेरा टाकायची सवय लागायला हवी.

उघडं ठेवलं तर कुणी उचलून नेईल, ही भीती खरी आहे, आणि हळदीच्या गावाला ती समजावून सांगायची गरज नाही. २८ मार्च १९९५ रोजी जखम भरून काढायला हळद वापरण्याचं अमेरिकी पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. नंबर ५४०१५०४. आपल्या आज्या पिढ्यान्‌पिढ्या कापलेल्या बोटावर जी पूड दाबत आल्या, तीच. या पेटंटला आव्हान दिलं गेलं तेव्हा सीएसआयआरचे, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिकांवर, म्हणजे मटेरियल सायन्समध्येच, घडलेला माणूस. सीएसआयआरनं आव्हान दिलं आणि पुराव्यादाखल ३२ संदर्भ पुढे केले, काही शंभर वर्षांहून जुने, त्यात भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक लेखही. १९९७ मध्ये पेटंटचे दावे फेटाळले गेले. त्या लढाईत आजीची साक्ष उपयोगी पडली नाही, छापील कागद पडला. लिहून, तारीख घालून, चारचौघांत ठेवलेलं ज्ञान चोरता येत नाही, कारण ते आधीच सगळ्यांचं असल्याची नोंद असते. वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र मंजूर झालं आहे. तिथे कुठल्या शिवारातलं बेणं, किती वेळ शिजवलं, किती दिवस वाळवलं आणि कुर्क्युमिन किती टक्के भरलं, याचे तक्ते पहिल्या दिवसापासून खुले राहिले तर दहा हंगामांत जगात कुठे नाही असा साठा इथे होईल.

वसमतला लागूनच औंढा नागनाथ तालुका. नागनाथाच्या दर्शनाला जाणारी वाट सगळ्यांना माहीत आहे. त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर झाले. पुण्याची आयुका, इंदूरची आरआरकॅट, गांधीनगरची आयपीआर या संस्था त्यामागे आहेत. लोकांना वाटतं ही आकाशाची गोष्ट. मला विचाराल तर ही आधी काचेची गोष्ट आहे.

काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. अमेरिकेतल्या यंत्रांत या नळ्यांमधली पोकळी दहा हजार घनमीटर, आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या लाख कोटीव्या भागाइतका. भुजांच्या टोकांना चाळीस किलोचे आरसे, ३४ सेंटिमीटर रुंद, अतिशुद्ध सिलिका काचेचे. प्रत्येक आरसा काचेच्याच चार तंतूंवर टांगलेला असतो आणि एकेक तंतू ०.४ मिलिमीटर जाडीचा. हिशेब केला तर तंतूवर सुमारे ७८० मेगापास्कल ताण येतो. जालन्यात बनणारी फे ५०० सळई ५०० मेगापास्कलला कायमची ताणली जाऊ लागते. काच ठिसूळ असते हे आपलं पाठांतर. ओरखडाही नसलेली काच पोलादाला मागे टाकते.

आरशावरचा लेप तर त्याहून नाजूक. सिलिका आणि टायटॅनियम मिसळलेलं टँटलम ऑक्साइड यांचे आलटून पालटून थर, सगळे मिळून काही मायक्रॉन. हा लेप फ्रान्समधल्या ल्योंच्या प्रयोगशाळेत चढवला गेला. तीस लाख प्रकाशकणांत जेमतेम एक तो शोषतो. यंत्राच्या आराखड्याप्रमाणे भुजेत साडेसात लाख वॅट लेसर खेळतो. त्यातला पाव वॅट आरशात मुरतो आणि तेवढ्यानंही आरशाचा आकार बिघडू लागतो, म्हणून तो सुधारायची वेगळी सोय करावी लागते. पण मधल्या कंपनसंख्यांना, शंभर हर्ट्झच्या आसपास, यंत्राला अडवणारी मोठी अडचण म्हणजे त्या लेपातल्या अणूंची खोलीच्या तापमानाला चालणारी थरथर. ती कमी करणारं मिश्रण कुठलं? हा प्रश्न थेट त्या ४०,०७७ कोटींच्या बाजारात नेऊन सोडतो. २०२१ साली जर्मेनियम आणि टायटॅनियम ऑक्साइडांचं एक मिश्रण पुढे आलं, त्यावर आशा आहेत.

हे सगळं कशासाठी? १४ सप्टेंबर २०१५ रोजी आलेल्या पहिल्या लहरीनं चार किलोमीटरच्या भुजेत केलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढा होता. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं १३० कोटी प्रकाशवर्षांवर एकमेकांत विलीन झाली, ६२ पटींचं एक उरलं, आणि राहिलेले तीन सूर्य लहरी होऊन निघून गेले. ऐन क्षणाला त्या लहरींची ताकद दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाच्या पन्नास पट होती. गोंगाटात बुडालेला असा इशारा शोधायची रीत घडवण्यात पुण्याचे संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा शोधनिबंध पायाभूत मानला जातो: अपेक्षित लहरींचे नमुने आधीच तयार ठेवायचे आणि प्रत्येक नमुना मिळालेल्या आकड्यांशी ताडून पाहायचा. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले.

आणि ते आकडे उघडे आहेत. यंत्र सेकंदाला १६,३८४ वाचनं घेतं. लोकांसाठी त्याची हलकी आवृत्तीही ठेवली आहे, सेकंदाला ४,०९६ आकड्यांची. पहिल्या घटनेभोवतीची ३२ सेकंदांची फाइल घेतली तर तीत १,३१,०७२ आकडे असतात. एकेका आकड्याला आठ बाइट, म्हणजे बरोबर एक एमबी. मोबाइलवरच्या एका फोटोहून लहान. लहर टिकली साधारण ०.२ सेकंद. तीन सूर्यांचं निघून जाणं त्या फाइलीतल्या सुमारे ८१९ आकड्यांत मावलं आहे.

बाहेरच्यांना आकडे देऊन काय होतं, तेही दिसलं आहे. प्रिन्स्टनमधल्या एका छोट्या गटानं, ज्यात तेजस्वी वेणुमाधव हे भारतीय संशोधक होते आणि जो लायगोचा भाग नव्हता, हीच खुली माहिती स्वतःच्या रीतीनं चाळली. लायगोच्या यादीत नसलेले कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचे काही नवे इशारे त्यांना सापडले. लायगोच्या हजाराहून जास्त शास्त्रज्ञांच्या नजरेतून ते निसटले होते.

दुधाळ्याचं यंत्र चालू व्हायला अजून अवकाश आहे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी तोवर थांबायचं कारण नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या बीएस्सीच्या प्रकल्पाला १२ सप्टेंबर २०१५ ते १९ जानेवारी २०१६ ही सबंध पहिली फेरी मोकळी आहे. सुरुवात त्या एक एमबीच्या फाइलीपासून करावी. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन, लायगोच्या अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांची एकेक फाइल उतरवून घ्यायची. ३५ हर्ट्झच्या खालचं आणि ३५० च्या वरचं गाळून टाकायचं. हॅनफर्डचा आलेख ६.९ मिलिसेकंदांनी सरकवायचा, उलटा करायचा आणि लिव्हिंग्स्टनच्या आलेखावर ठेवायचा. दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात. त्यासाठी लागणारे आकडे, गाळणीचा पायथन कोड आणि तो कसा चालवायचा याचे धडे, तिन्ही आजच्या आज फुकट मिळतात.